तालुक्याच्या प्रयोगशाळेत क्वांटम डॉट: झिंक ऑक्साइडचे शोषण आणि दीप्ती मोजण्याची सविस्तर पद्धत

यवतमाळ, वाशीम, गोंदिया किंवा गडचिरोली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या महाविद्यालयात क्वांटम डॉट, म्हणजे काही नॅनोमीटर आकाराचे कण, हा प्रकल्पाचा विषय निवडला जातो, तेव्हा बहुतेक वेळा लिंबाचा रस किंवा साखर तापवून कार्बन डॉट तयार होतात, अतिनील दिव्याखाली निळसर चमक दिसते, तिचे छायाचित्र प्रबंधात लागते आणि अभ्यास तिथेच थांबतो. कार्बन डॉटला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यांची चमक पृष्ठभागावरील रासायनिक गटांवर आणि कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश टाकला यावरही अवलंबून असते. त्यामुळे कणाचा आकार बदलला की अर्धवाहकाचे बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात न्यायला लागणारी किमान ऊर्जा, बदलते, हे या विषयाचे मूळ सूत्र त्यांतून स्वच्छपणे शिकता येत नाही. टीव्हीच्या पडद्यात किंवा दूरसंचाराच्या लेसरमध्ये जे डॉट काम करतात ते अर्धवाहकाचे असतात, आणि प्रकाशीय उपकरण समजून घ्यायचे असेल तर अर्धवाहकाचाच डॉट हाती घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅडमियम सेलेनाइड हे या क्षेत्रातले सर्वांत अभ्यासलेले द्रव्य आहे. तरीही कॅडमियम विषारी आहे, त्याच्या पद्धतीला २०० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान आणि निष्क्रिय वायू लागतो, आणि आपल्या प्रयोगशाळांमध्ये त्याच्या टाकाऊ द्रावणाची विल्हेवाट लावण्याची सोय नसते. म्हणून हा लेख झिंक ऑक्साइडचे डॉट कसे करावेत, त्यांचे शोषण कसे मोजावे, त्यावरून व्यास कसा काढावा आणि त्यांची दीप्ती, म्हणजे प्रकाश शोषून त्यांनी परत दिलेला उजेड, कशी वाचावी, एवढ्यापुरता आहे. द्रव्य स्वस्त आहे, तापमान ६५ अंशांच्या पुढे जात नाही, आणि झिंक ऑक्साइडचे हेच सूक्ष्मकण क्वांटम डॉटच्या विद्युतचालित एलईडीमध्ये इलेक्ट्रॉन वाहून नेणारा थर म्हणून प्रत्यक्ष वापरले जातात.

मोजण्यापूर्वी काय माहीत असावे

अर्धवाहकावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन संयुजा पट्ट्यातून संवहन पट्ट्यात जातो आणि मागे होल, म्हणजे त्याची रिकामी जागा, राहतो. या दोघांची जोडी, म्हणजे एक्सिटॉन, मोठ्या स्फटिकात काही ठरावीक अंतरावर फिरते. झिंक ऑक्साइडमध्ये या जोडीची बोर त्रिज्या, म्हणजे तिचा नैसर्गिक पसारा, सुमारे २ नॅनोमीटर आहे, तर कॅडमियम सेलेनाइडमध्ये ती ५ ते ६ नॅनोमीटर आहे. कणच या मापाच्या आसपास आला की जोडीला मोकळेपणाने पसरायला जागा उरत नाही, तिची किमान ऊर्जा वाढते आणि शोषणाची सुरुवात कमी तरंगलांबीकडे सरकते. रशियात अलेक्सेई एकिमोव्ह यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी तांब्याच्या क्लोराइडचे कण असलेल्या काचेत हा परिणाम पाहिला. अमेरिकेत लुई ब्रूस यांनी तो द्रावणात तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांत ओळखला, आणि १९९३ मध्ये मुंगी बावेंडी यांच्या गटाने एकसारख्या आकाराचे डॉट करण्याची खात्रीची पद्धत दिली. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शोषण आणि दीप्ती या दोन वेगळ्या साक्षी आहेत, ही गोष्ट संपूर्ण प्रयोगात लक्षात ठेवावी. शोषणाची कड कणाच्या अंतर्भागाबद्दल, म्हणजे आकाराबद्दल बोलते. झिंक ऑक्साइडची डोळ्यांना दिसणारी हिरवट-पिवळी दीप्ती मुख्यतः दोषांतून येते. इलेक्ट्रॉन किंवा होल ऑक्सिजनच्या रिक्त जागांसारख्या सापळ्यात अडकतो आणि तिथून ऊर्जा सोडतो, असे तिचे स्पष्टीकरण बहुतेक अभ्यासक देतात. जो विद्यार्थी चमकेचा रंग पाहून थेट कणाचा व्यास सांगतो, तो या दोन साक्षी एकमेकींत मिसळतो. उपकरणांच्या बाबतीतही हीच गफलत महागात पडते, कारण डॉटचा रंग आकार ठरवतो आणि तो किती कार्यक्षमतेने उजळेल हे बऱ्याच अंशी पृष्ठभाग ठरवतो.

साहित्य आणि ते मिळवण्याच्या अडचणी

झिंक ॲसिटेट डायहायड्रेट, सोडियम हायड्रॉक्साइडच्या वड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल ही तीनच रसायने लागतात. इथेनॉलमध्येही झिंक ऑक्साइडचे डॉट होतात आणि अनेक शोधनिबंधांत तेच वापरलेले दिसते. मात्र शुद्ध इथेनॉलसाठी उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, आणि वर्धा व गडचिरोली या दारूबंदी जिल्ह्यांत त्या कागदपत्रांत प्रकल्पाचा निम्मा काळ जाऊ शकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल रसायनांच्या पुरवठादाराकडून नेहमीच्या मागणीपत्रावर मिळते. निर्जंतुकीकरणासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे ७० टक्क्यांचे द्रावण मात्र चालणार नाही, कारण त्यात पाणी असते आणि पाण्याने कणांची वाढ अनियंत्रित होते. बाटलीवर ९९ टक्के किंवा त्याहून अधिक शुद्धता लिहिलेली असावी.

झिंक सल्फेट तर कृषी केंद्रात पोत्याने मिळते, संत्र्याच्या बागेला आपण ते देतोच, मग झिंक ॲसिटेट कशाला, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. उत्तर असे की झिंक सल्फेट अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, आणि खताच्या दर्जाच्या रसायनात इतर धातूंच्या अशुद्धी असतात. अशा अशुद्धी अगदी थोड्या असल्या तरी दीप्ती मारू शकतात.

उपकरणांमध्ये मिलिग्रॅमपर्यंत वजन करणारा काटा, तापमान दाखवणारी हॉटप्लेट आणि तिच्यातच चुंबकीय ढवळणी, दोन पिपेट, थर्मामीटर, बर्फ, आणि २८० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यात मोजू शकणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर हवा. क्युव्हेट, म्हणजे यंत्रात नमुना ठेवण्याचे लहान पारदर्शक भांडे, क्वार्ट्झचीच असावी. साधी काच सुमारे ३२० नॅनोमीटरच्या खाली आणि पॉलिस्टायरीनची प्लास्टिक क्युव्हेट सुमारे ३४० नॅनोमीटरच्या खाली प्रकाश अडवू लागते, आणि आपल्याला हवी असलेली कड नेमकी याच भागात असते. महाविद्यालयात असा स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल तर नागपूर, अमरावती किंवा गडचिरोलीच्या विद्यापीठात आधी वेळ ठरवून घ्यावी आणि डॉट त्याच दिवशी सकाळी करावेत. बसच्या प्रवासात नमुना बर्फात ठेवला तरी त्याची वाढ मंदावते, पूर्ण थांबत नाही. म्हणून नमुना कधी थंड केला आणि कधी मोजला, या दोन्ही वेळा नोंदवाव्यात.

काचसामान धुण्याची पायरी

ही पायरी कंटाळवाणी वाटते, तरी सर्वाधिक प्रयोग इथेच बिघडतात. अकोला, बुलडाणा आणि अमरावती जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे आणि बोअरचे पाणी क्षारयुक्त आहे, आणि विदर्भाच्या इतर अनेक भागांतही ते जड आहे. अशा पाण्याने धुऊन वाळवलेल्या बीकरवर क्षारांचा पातळ थर राहतो. झिंकचे विरळ द्रावण त्यात ओतले की गढूळपणा येतो आणि दोष रसायनावर ढकलला जातो. म्हणून शेवटचे तीन हात डिस्टिल्ड पाण्याचे आणि त्यानंतर एक हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा द्यावा, आणि भांडे तोंड खाली करून वाळवावे. बॅटरीसाठी विकले जाणारे पाणी धुण्यापुरते चालते, द्रावण करण्यासाठी वापरू नये.

कपड्यांच्या साबणाची पावडर काचसामानाला लावू नये, हा आग्रह मी आणखी एका कारणाने धरतो. अशा पावडरमध्ये कपड्यांना पांढरेपणा देणारी द्रव्ये असतात, ती अतिनील प्रकाशात तेजस्वी निळी चमकतात, आणि त्यांचा अंश भांड्याला राहिला तर ती चमक क्वांटम डॉटची म्हणून नोंदली जाते. प्रयोगशाळेसाठीचा सौम्य द्रव साबण वापरावा आणि धुतलेले रिकामे भांडे अंधारात अतिनील दिव्याखाली एकदा पाहून घ्यावे.

डॉट तयार करणे

आयसोप्रोपिल अल्कोहोल १२ अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी वाफ सोडू लागते. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचे तापमान ४० च्या पुढे असते, तेव्हा वाफ किती साचेल हे वेगळे सांगायला नको. गॅसचा बर्नर, स्टोव्ह किंवा उघडी कॉइल असलेली शेगडी खोलीतही नसावी. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, चष्मा व हातमोजे घालावेत. शक्य असेल तर हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत घ्यावा, कारण थंडीत कणांची वाढ मंद असते आणि मोजायला उसंत मिळते.

आधी दोन मूळ द्रावणे करावीत. ०.२२ ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५० ते ६० अंशांवर ढवळत पूर्ण पारदर्शक होईपर्यंत विरघळवावे. हे ०.०१ मोलर द्रावण झाले. दुसऱ्या भांड्यात ०.०८ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये त्याच तापमानाला विरघळवावे, म्हणजे ०.०२ मोलर द्रावण मिळते. या दुसऱ्या द्रावणाला वेळ लागतो. पावसाळ्यात सोडियम हायड्रॉक्साइडच्या वड्या हवेतली ओल काही मिनिटांत ओढून घेतात आणि वजन फसवे होते, त्यामुळे बाटली उघडल्यावर वजन झटपट करून झाकण लगेच बंद करावे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वडीवर कार्बोनेटचे पांढरे कवच आलेले असेल तर ती वडी घेऊ नये. द्रावणात पांढरे कण तरंगताना दिसले तर ते खाली बसू द्यावेत आणि फक्त वरचे निवळ द्रावण वापरावे.

आता झिंकच्या मूळ द्रावणातले १० मिलिलिटर घेऊन त्यात ८२ मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळावे आणि भांडे बर्फात ठेवून शून्य अंशाच्या जवळ आणावे. सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावणही तितकेच थंड करून त्यातले ८ मिलिलिटर जोरात ढवळत, थेंबाथेंबाने घालावे. एकूण १०० मिलिलिटरमध्ये झिंक १ मिलिमोलर आणि हायड्रॉक्साइड १.६ मिलिमोलर होते. हे १.६ चे गुणोत्तर सांभाळणे महत्त्वाचे आहे. ते २ च्या पुढे गेले की कण एकमेकांना चिकटून द्रावण दुधाळ होते, आणि फार कमी असेल तर झिंकचा मोठा भाग ऑक्साइडमध्ये बदलतच नाही. मिश्रण पाण्यासारखे पारदर्शक दिसायला हवे. दुधाळ झाले तर पुढे मोजण्यात अर्थ नाही, पुन्हा करावे.

त्यानंतर भांडे ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वेळ मोजायला सुरुवात करावी. पाच, पंधरा, तीस, साठ आणि एकशेवीस मिनिटांनी प्रत्येकी ४ मिलिलिटर काढून लहान बाटलीत भरावे, झाकण लावावे आणि लगेच बर्फात बुडवावे. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर हॉटप्लेटऐवजी रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ६५ अंशांचे पाणी भरून त्यात झाकणबंद बाटली ठेवणे अधिक खात्रीचे ठरते, कारण तापमान खाली आले तरी हळूहळू येते आणि थर्मामीटर पाहून गरम पाण्याची भर घालता येते. ढवळणी थांबल्याने या टप्प्यात फारसे बिघडत नाही.

शोषण मोजणे

संदर्भासाठी क्युव्हेटमध्ये निव्वळ आयसोप्रोपिल अल्कोहोल भरून यंत्राची पायारेषा घ्यावी. नंतर प्रत्येक नमुना ६०० पासून २८० नॅनोमीटरपर्यंत, १ नॅनोमीटरच्या अंतराने मोजावा. १ मिलिमोलर द्रावणाचे शोषण यंत्राच्या विश्वासार्ह मर्यादेत राहते, त्यामुळे पुन्हा विरळ करावे लागत नाही, आणि तसे करूही नये, कारण विरळ केल्याने समतोल बदलतो. बर्फातून काढलेल्या बाटलीबाहेर व क्युव्हेटवर दव जमते. ते मऊ टिश्यूने पुसून, नमुना खोलीच्या तापमानाला आल्यावर मोजावे.

वर्णपट वाचताना आधी ४५० ते ६०० नॅनोमीटरचा भाग पाहावा. झिंक ऑक्साइड तिथे काहीच शोषत नाही, म्हणून रेषा शून्यावर सपाट असली पाहिजे. ती डावीकडे हळूहळू चढत असेल तर प्रकाश शोषला जात नसून विखुरला जात आहे, म्हणजे कण चिकटले आहेत, आणि अशा नमुन्यावरून व्यास काढणे टाळावे. सपाट रेषेनंतर ३७० च्या खाली शोषण एकदम चढते आणि एक खांदा किंवा बारीक शिखर दिसते. हा खांदा एक्सिटॉनचा आहे. पाच मिनिटांच्या नमुन्यात तो सर्वांत डावीकडे असतो आणि वेळेबरोबर उजवीकडे, म्हणजे लांब तरंगलांबीकडे सरकतो. एकाच आलेखावर पाचही रेषा काढल्या की कण वाढताना बँडगॅप घटत जाते हे विद्यार्थ्याला कोणत्याही सूत्राशिवाय दिसते, आणि या प्रयोगातला सर्वांत मोलाचा आलेख हाच आहे.

शोषणावरून व्यास

खांद्याच्या जागेचे शोषण वाचावे, त्याच्या निम्मे करावे, आणि लांब तरंगलांबीच्या बाजूला ते निम्मे मूल्य कुठे येते ती तरंगलांबी शोधावी. तिला अर्धशोषण तरंगलांबी म्हणू. १२४० ला तिने भागले की इलेक्ट्रॉन व्होल्टमधली ऊर्जा मिळते. म्यूलेनकाम्प यांनी १९९८ मध्ये झिंक ऑक्साइडच्या कणांसाठी या ऊर्जेचे व्यासाशी असलेले नाते मोजमापांवरून बसवले, ते असे:

ऊर्जा = ३.३०१ + २.९४ ÷ (व्यास × व्यास) + ०.१०९ ÷ व्यास

यात व्यास नॅनोमीटरमध्ये आहे आणि हे नाते साधारण २.५ ते ६.५ नॅनोमीटरपर्यंत वापरावे. या सूत्राने अर्धशोषण ३३८ नॅनोमीटरला असेल तर व्यास ३, ३५३ ला असेल तर ४, ३६० ला ५ आणि ३६५ ला ६ नॅनोमीटर येतो. मधल्या मूल्यांसाठी वर्गसमीकरण सोडवावे. उदाहरणार्थ, ३४५ नॅनोमीटरला ऊर्जा ३.५९४ येते आणि व्यास सुमारे ३.४ नॅनोमीटर निघतो. या आकड्यांतच एक इशारा दडलेला आहे. व्यास ३ वरून ४ झाला की कड १५ नॅनोमीटर सरकते, पण ५ वरून ६ झाला तर केवळ ४ ते ५ नॅनोमीटर. म्हणजे यंत्राची एका नॅनोमीटरची चूक लहान कणांत नगण्य आणि मोठ्या कणांत गंभीर असते. म्हणून मोठ्या कणांचा व्यास दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत लिहू नये.

ब्रूस यांचे समीकरण पाठ्यपुस्तकात असते, म्हणून तेही ताडून पाहावे. व्यास ४, म्हणजे त्रिज्या २ नॅनोमीटर घेऊ. कोंडल्यामुळे वाढणारी ऊर्जा काढताना ०.३७६ ला त्रिज्येच्या वर्गाने भागले की ०.०९४ येते. इलेक्ट्रॉनचे परिणामी वस्तुमान ०.२६ आणि होलचे ०.५९ धरले तर त्यांच्या व्यस्तांची बेरीज ५.५४ होते, आणि गुणाकार ०.५२ इलेक्ट्रॉन व्होल्ट. दोघांमधल्या आकर्षणाने कमी होणारी ऊर्जा म्हणजे २.५७ भागिले परावैद्युतांक ८.५ आणि त्रिज्या २ यांचा गुणाकार, जी ०.१५ येते. मोठ्या स्फटिकाचे बँडगॅप ३.३७ धरून बेरीज-वजाबाकी केली तर ३.७४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ३३२ नॅनोमीटर. मोजमापांवर बसवलेले नाते याच व्यासाला ३५३ सांगते. हा फरक हिशेबाच्या चुकीचा नाही. ब्रूस यांच्या साध्या मांडणीत कणाची भिंत अनंत उंच धरलेली आहे आणि वस्तुमाने ऊर्जेबरोबर बदलत नाहीत असे मानलेले आहे, म्हणून लहान कणांसाठी ती ऊर्जा जास्त दाखवते. कॅडमियम सेलेनाइडमध्ये हा फरक आणखी ठळक दिसतो: शोषणाचे पहिले शिखर ५५० नॅनोमीटरला असेल तर या समीकरणाने व्यास सुमारे ५ नॅनोमीटर निघतो, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशी जुळवलेल्या मोजमापांत तो ३ च्या आसपास असतो. दोन्ही उत्तरे शेजारीशेजारी लिहून फरकाचे कारण मांडणारा विद्यार्थी केवळ एक आकडा देणाऱ्यापेक्षा पुष्कळ पुढे गेलेला असतो.

टॉक आलेखाबद्दलही, म्हणजे शोषणाच्या आलेखावर सरळ रेषा ओढून बँडगॅप काढण्याच्या रीतीबद्दलही, बोलणे भाग आहे, कारण आपल्याकडच्या प्रबंधांत तो जवळजवळ नियमाने आढळतो. तो आलेख पट्ट्यांच्या अखंड रचनेसाठी आहे. खांदा दाखवणाऱ्या डॉटवर तो लावला तर सरळ रेषा कुठून कुठपर्यंत काढायची हे आपल्या हाताच्या मर्जीवर राहते आणि हवे ते बँडगॅप काढता येते. या नमुन्यांसाठी अर्धशोषणाची पद्धतच वापरावी.

पाचही नमुन्यांचे व्यास मिळाले की त्रिज्येचा घन उभ्या अक्षावर आणि वेळ आडव्या अक्षावर मांडावा. लहान कण विरघळून मोठ्यांवर चढत असतील तर बिंदू सरळ रेषेच्या जवळ पडतात. एक संच ६५ अंशांवर आणि दुसरा ४५ अंशांवर केला तर दोन रेषांच्या उतारांतला फरक तापमानाचा परिणाम दाखवतो.

क्ष-किरण विवर्तनाची सोय विद्यापीठात मिळाली तर वाळवलेल्या पावडरीवर व्यासाची पडताळणी करावी. तांब्याच्या किरणांनी झिंक ऑक्साइडची शिखरे ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांना येतात. ४ नॅनोमीटरच्या कणांत प्रत्येक शिखर सुमारे २ अंश रुंद असते, त्यामुळे ही तिन्ही एकमेकांत मिसळलेली दिसणे अपेक्षितच आहे. शिखरे सुटी आणि टोकदार आली तर कण वाळवताना वाढले, असे समजावे.

दीप्ती पाहणे आणि मोजणे

रसायनशास्त्र विभागातल्या पातळ थर वर्णलेखनाच्या कपाटात २५४ आणि ३६५ नॅनोमीटरचे दोन्ही दिवे असतात आणि या कामासाठी ते उत्तम आहे. ते नसेल तर नोटा तपासण्याचा दिवा किंवा ३६५ नॅनोमीटरची एलईडी टॉर्च चालते, पण बाजारात ३९५ नॅनोमीटरच्या टॉर्चच जास्त विकल्या जातात आणि त्यांचा इथे उपयोग नाही. कारण आपल्याच आलेखात आहे: आपले कण ३७० च्या वर जवळजवळ काही शोषत नाहीत, आणि जे शोषले जात नाही त्याने दीप्ती निर्माण होत नाही. पाच मिनिटांचा नमुना क्वार्ट्झच्या क्युव्हेटमध्ये ३६५ च्या दिव्याखाली फिका आणि २५४ खाली अधिक तेजस्वी दिसला तर तेही याच नियमाने घडते. २५४ चा प्रकाश डोळ्यांना व त्वचेला अपाय करतो, म्हणून तो कपाटाच्या काचेतूनच पाहावा.

प्रत्येक वेळी शेजारी निव्वळ आयसोप्रोपिल अल्कोहोलची तशीच बाटली ठेवावी. ती चमकत नसेल तरच नमुन्याची चमक नमुन्याची मानावी. सुरुवातीच्या नमुन्यांत निळसर-हिरवी आणि नंतरच्या नमुन्यांत हिरवट-पिवळी छटा दिसते. छटा कणाच्या वाढीबरोबर सरकते हे खरे, पण तिची ऊर्जा शोषणाच्या कडेपासून फार खाली आहे. कड ३५३ नॅनोमीटरला, म्हणजे ३.५१ इलेक्ट्रॉन व्होल्टला असताना दीप्ती ५२० नॅनोमीटरला, म्हणजे २.३८ ला दिसत असेल, तर १.१ इलेक्ट्रॉन व्होल्टहून अधिक ऊर्जा सापळ्यांत आणि उष्णतेत गेली. पट्ट्याच्या कडेवरून थेट येणारी दीप्ती अतिनील भागात असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

दीप्तीचा वर्णपट काढण्यासाठी स्पेक्ट्रोफ्लुरोमीटर नसेल तर डीव्हीडीचा तुकडा, वेबकॅम आणि काळ्या कागदाचा डबा यांतून कामचलाऊ वर्णपटदर्शक करता येतो. डीव्हीडीवरच्या रेघांमधले अंतर ०.७४ मायक्रोमीटर आणि सीडीवरचे १.६ मायक्रोमीटर असते, म्हणून डीव्हीडी रंग अधिक फाकवते. हिरवा ५४६ नॅनोमीटरचा किरण डीव्हीडीवर सरळ पडला तर सुमारे ४८ अंशांना वळतो आणि सीडीवर सुमारे २० अंशांना. दोन दाढीच्या पात्यांमध्ये कागदाच्या जाडीएवढी फट ठेवावी. तरंगलांबीचे मापन जुन्या सीएफएल दिव्यातल्या पाऱ्याच्या ४३६ आणि ५४६ नॅनोमीटरच्या रेषांवरून बसवावे. कॅमेऱ्याचे आपोआप उजेड बदलणारे साधन बंद करावे, नाहीतर दोन नमुन्यांची तुलना निरर्थक ठरते. अशा साधनाने शिखराची जागा काही नॅनोमीटरच्या आत सांगता येते. तीव्रतेचा दावा मात्र करू नये, कारण कॅमेरा सर्व रंगांना सारखा प्रतिसाद देत नाही.

क्वांटम उत्पन्न, म्हणजे शोषलेल्या फोटॉनपैकी किती प्रकाश होऊन परत आले, हे मोजायचे असेल तर खरा स्पेक्ट्रोफ्लुरोमीटरच लागतो. सौम्य गंधकाम्लातले क्विनाइन सल्फेट संदर्भ म्हणून घेतात आणि त्याचे उत्पन्न ०.५४ मानतात. नमुना आणि संदर्भ दोन्हींचे शोषण उत्तेजनाच्या तरंगलांबीला ०.१ च्या खाली असावे. दीप्तीच्या आलेखांखालील क्षेत्रफळांचे गुणोत्तर, शोषणांचे उलटे गुणोत्तर आणि अपवर्तनांकांच्या वर्गांचे गुणोत्तर यांनी ०.५४ ला गुणावे. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अपवर्तनांक १.३७७ आणि पाण्याचा १.३३३ असल्याने ही शेवटची दुरुस्ती १.०६७ येते. पुष्कळ जण ती सोडून देतात आणि उत्तर जवळजवळ ७ टक्क्यांनी चुकते.

पृष्ठभागाची भूमिका पाहण्यासाठी एक सोपी जोड द्यावी. एकाच नमुन्याचे दोन भाग करून एकात थोडे डिस्टिल्ड पाणी मिसळावे आणि दोन्ही भागांचे शोषण व दीप्ती काही तासांच्या अंतराने पाहावीत. पाण्याने कण वेगाने वाढतात आणि दृश्य दीप्ती घटते. कडेचे सरकणे आणि चमकेचे घटणे स्वतंत्रपणे नोंदवले की आकार आणि पृष्ठभाग हे दोन घटक कागदावर वेगळे होतात.

हे मोजमाप उपकरणाशी कुठे जुळते

आपल्या डॉटच्या पृष्ठभागावरचे दोष उघडे आहेत, म्हणून ऊर्जा सापळ्यांत जाते. पडद्यासाठीच्या डॉटमध्ये हेच टाळण्यासाठी कॅडमियम सेलेनाइड किंवा इंडियम फॉस्फाइडच्या गाभ्यावर मोठ्या बँडगॅपच्या झिंक सल्फाइडचे कवच चढवतात. इलेक्ट्रॉन आणि होल गाभ्यातच राहतात, पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाहीत, आणि दीप्ती कडेवरूनच येते. म्हणून त्यांचा रंग व्यासाने ठरतो आणि पट्टा अरुंद असतो. कॅडमियम सेलेनाइडच्या चांगल्या डॉटमध्ये त्याची रुंदी २० ते ३० नॅनोमीटर असते, इंडियम फॉस्फाइडमध्ये थोडी जास्त. आपल्या झिंक ऑक्साइडचा दोषांतून येणारा पट्टा १०० नॅनोमीटरहून रुंद असतो, हे डीव्हीडीच्या वर्णपटदर्शकातही उघड दिसते.

लेसरचे डॉट आणखी वेगळे असतात. टोकियोत अराकावा आणि साकाकी यांनी १९८२ मध्ये असे दाखवले की इलेक्ट्रॉन तिन्ही दिशांनी कोंडला तर लेसर सुरू होण्याचा किमान प्रवाह तापमानाने फारसा बदलणार नाही. पुढे गॅलियम आर्सेनाइडवर इंडियम आर्सेनाइडचे थर वाढवताना, दोन्ही स्फटिकांच्या जाळ्यांत सुमारे ७ टक्क्यांचा फरक असल्याने, थर ताणाखाली आपोआप बेटांसारखा गोळा होतो, हे गुणधर्म उपयोगात आणले गेले. असे डॉट १.३ मायक्रोमीटरच्या आसपास प्रकाश देतात आणि ऑप्टिकल फायबरला ही तरंगलांबी सोयीची आहे. हे काम अतिनिर्वात यंत्राशिवाय होत नाही, तरी त्यांच्या शोषण-दीप्तीचे आलेख वाचण्याची रीत आपल्या पाच बाटल्यांच्या आलेखापेक्षा वेगळी नाही.

प्रयोग संपल्यावर उरलेली द्रावणे एका घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये ज्वलनशील टाकाऊ म्हणून साठवावीत. ती नालीत किंवा शोषखड्ड्यात ओतू नयेत, कारण आपल्या बहुतेक महाविद्यालयांचा बोअर त्याच आवारात असतो.

शेवटची पायरी गावातच करता येते. तयार केलेला वर्णपटदर्शक घेऊन तालुक्याच्या इलेक्ट्रॉनिक दुकानात, दुकानदाराची परवानगी घेऊन, टीव्हीच्या पांढऱ्या पडद्यावर धरावा. साध्या एलईडी टीव्हीत ४५० नॅनोमीटरचे निळे शिखर आणि त्यापुढे रुंद पिवळा-हिरवा पट्टा दिसतो. क्वांटम डॉटच्या टीव्हीत निळ्याबरोबर ५३० च्या आसपास हिरवे आणि ६३० च्या आसपास तांबडे अशी दोन वेगळी, अरुंद शिखरे दिसतात. तांबड्या भागात मात्र घाई करू नये. काही पडद्यांत मँगनीज मिसळलेले फ्लोराइडचे फॉस्फर, म्हणजे निळा प्रकाश शोषून दुसरा रंग देणारे द्रव्य, असते. त्याचे तांबडे शिखरही ६३१ नॅनोमीटरलाच येते, पण बारकाईने पाहिले तर त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी बारीक रेषा दिसतात. क्वांटम डॉटचे तांबडे शिखर एकसंध असते आणि त्याच्या शेजारी अशा रेषा नसतात.